रेडिएटरचा पाइप आणि सायकलची ट्यूब

मे २०१९ ची गोष्ट आहे. रमजानचा दुसरा आठवडा चालू होता. गडचिरोलीला खालूंची तब्येत बरी नव्हती म्हणून अम्मीला घेऊन आम्ही सकाळी चंद्रपूरहून निघालो होतो. गाडीत मी, पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. मुलगी सोडून सगळ्यांचे रोजे. प्रवासात रोजा नंतर ठेवण्याची सवलत आहे, असं मी अम्मीला निघतानाच सांगून पाहिलं. ती म्हणाली, "ऐंशी किलोमीटरचा कसला प्रवास? याच रस्त्यानं मी एसटीत उभी राहून माहेरी गेले आहे." अम्मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. शुगरची गोळी चालू होती, पण डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या होत्या. तिच्याशी वाद घालणं आमच्या घरात कोणाला जमलेलं नाही.

आता गाडीबद्दल. गाडी जुनी, मी दुसऱ्याकडून घेतलेली. धाकट्या भावाला गाड्यांचं वेड. त्याने तिच्या मागे काळा स्पॉयलर बसवला, दोन्ही बाजूंनी लाल पट्टे मारले, चाकं बदलली. मोहल्ल्यातली पोरं तिला 'स्पोर्ट्स कार' म्हणू लागली आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचं. रमजानच्या आधी सर्व्हिसिंगला नेली तेव्हा मेकॅनिकने बॉनेट उघडून रेडिएटरचा वरचा पाइप दाबून दाखवला होता. "भाईजान, हा आतून मऊ पडलाय, टोकाला फुगलाय. बदलून टाका." मी म्हटलं, ईदनंतर पाहू. त्याच आठवड्यात मी नवी सीटकव्हर घेतली. पाइपच्या किमतीच्या चौपट पैसे गेले त्यात.

परत येताना वैनगंगेचा पूल ओलांडला, व्याहाड, सावली करत मूल गाठलं. मूलपर्यंत दोन्हीकडे धानाची मोकळी बांधं असतात. मूल सोडलं की जंगल रस्त्याला येऊन भिडतं. उत्तरेला ताडोबा-अंधारीचा पट्टा, त्यामुळे या भागात वाघ दिसणं ही काही नवलाची बातमी नाही. केळझर मागे पडलं, चिचपल्ली अजून यायची होती. तेवढ्यात एसीतून गरम हवा यायला लागली. मागोमाग एक गोडसर वास आला, गूळ तापवल्यासारखा. तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता. मी वेग कमी केला तर काटा झपकन खाली आला. वाटलं, चला, गाडी थंड झाली.

इथेच मी फसलो. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी निघून गेलं की त्याला नुसती हवा लागते आणि काटा खाली पडतो. इंजिन मात्र आत भाजत असतं. या गैरसमजात मी आणखी जवळपास एक किलोमीटर गाडी रेटली. मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ उसळली आणि मुलगी ओरडली, "अब्बू, आग!"

आग नव्हती. गाडी बाजूला घेऊन बंद केली, सगळ्यांना उतरवलं. खाली हिरवट पाण्याचं थारोळं. वरचा पाइप इंजिनकडच्या टोकाला, क्लिपपासून दोन बोटं अंतरावर, उभा फाटला होता. मुलाने लगेच रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. पाणी ओतू या म्हणाला. मी त्याचा हात इतक्या जोरात ओढला की तो रडायच्या बेतात आला.

याला कारण आमचे अब्बा. ते ट्रक चालवायचे. आलापल्लीच्या जंगलातून बांबू भरायचा आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यात आणायचा. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चट्टा होता. लहानपणी मला वाटायचं अस्वलाने ओरबाडलं असेल. ते तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडल्याने झालं होतं. या झाकणाने आतला दाब धरून ठेवलेला असतो, म्हणून आतलं पाणी १०० अंशांवर उकळत नाही, १२० अंशांच्या आसपासही पाणीच राहतं. झाकण काढलं की दाब सुटतो आणि त्याच क्षणी त्याची वाफ होऊन अंगावर येते. पाइप फाटलेला असला तरी आत किती वाफ शिल्लक आहे हे बाहेरून कळत नाही. निदान पाऊण तास थांबायचं. आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी तर मुळीच ओतायचं नाही, धातूला तडा जातो. हे फक्त गाडी चालवणाऱ्यानेच नव्हे, गाडीत बसणाऱ्या बायका-मुलांनीही लक्षात ठेवलेलं बरं, कारण मदतीच्या घाईत हात त्यांचाच पुढे जातो.

थारोळ्यावर मी मुलाला माती लोटायला सांगितलं. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. रात्री एखादं जनावर येऊन चाटलं असतं.

सव्वापाच वाजले होते. ऊन उतरत होतं, पण डांबराची धग कमी होत नव्हती. मोबाइलला रेंज नाही. ट्रक गेले, दोन-तीन कार गेल्या, कोणी थांबलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. जंगलात संध्याकाळी मीही थांबलो नसतो. मुलांना झाडाखाली जाऊ दिलं नाही, गाडीच्या सावलीत चादर टाकून बसवलं. अम्मी गाडीला टेकून तसबीह फिरवत होती. ओठ सुकले होते. पत्नी म्हणाली, "अम्मी, आता तरी पाणी घ्या." अम्मीने मान हलवली, पण नाही म्हणताना आवाज नेहमीसारखा ठणठणीत निघाला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती सीटकव्हर डोळ्यांसमोर आली.

पाण्याचा हिशेब असा होता : इफ्तारीसाठी गडचिरोलीहून भरून घेतलेला पाच लिटरचा कॅन आणि मुलीची अर्धी बाटली. कॅन इंजिनात गेला तर प्यायला काय? आणि नाही गेला तर रात्र इथेच.

पावणेसहाच्या सुमारास जंगलातून पायवाटेने एक माणूस सायकल ढकलत रस्त्यावर आला. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. मागे कॅरिअरला रिकामं फडकं, हँडलला ओल्या पोत्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. आम्हाला पाहून थांबला.

"काहून थांबले जी इथं? वाघ फिरते या पट्ट्यात."

मी पाइप दाखवला. त्याने वाकून पाहिलं, बोटाने फट चाचपली, आणि सीटखालच्या पिशवीतून जुनी ट्यूब काढली. पंक्चर झालं तर पायी जायची पाळी येऊ नये म्हणून तो जवळ ठेवायचा. विळ्याने त्याने तिची लांब पट्टी कापली. मला अब्बांची पेटी आठवली. तिच्यात तार, साबणाची वडी आणि ट्यूबचे तुकडे कायम असत आणि ट्रकच्या पुढे पाण्याची छागल लटकत असे. माझ्या डिकीत काय होतं? परफ्यूमची बाटली आणि भावाच्या उरलेल्या स्टिकरांचा रोल.

पाइप कोरडा पुसला. पट्टी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, फटीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं पुढे नेली. वर त्याने कुंपणाच्या तारेचा तुकडा पिळून आवळला. इंजिन हात लावण्याइतकं निवल्यावर कॅनमधलं पाणी हळूहळू ओतलं. झाकण पूर्ण आवळलं नाही, पहिल्या खाचेवरच ठेवलं. दाब वाढला नाही तर पट्टी टिकते. अर्थात मग पाणी लवकर उकळतं, म्हणून गाडी सावकाशच हाकावी लागते. गाडी सुरू झाली. इंजिनाचा आवाज सरळ होता. अल्हम्दुलिल्लाह.

तोवर इफ्तारीची वेळ झाली होती. अजान ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, मोबाइलमधलं घड्याळ पाहिलं. कॅनच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं, ते वाटेत लागणार होतं. पत्नीने सीटखालून एक भरलेली बाटली काढली. मला न सांगता तिने ती अम्मीसाठी लपवून ठेवली होती. तो माणूस आमच्याकडे पाहत होता. "रोजे आहेत ना जी?" म्हणाला आणि हँडलची बाटली सोडून मुलाच्या हातात दिली. अम्मीने खजूर तोंडात टाकला आणि पत्नीने धरलेली बाटली बाजूला सारून त्याच्याच बाटलीतलं पाणी प्यायली. ते जास्त थंड होतं, असं तिने नंतर सांगितलं. भजी आणि कलिंगडाच्या फोडींचा डबा आम्ही सहा जणांनी संपवला.

पैसे देऊ लागलो तर त्याने हात मागे घेतला. मग थोडा विचार करून म्हणाला, "ट्यूबचे तेवढे देऊन द्या." तेवढेच घेतले.

अंधार पडू लागला होता. त्याचं गाव पुढे तीन किलोमीटरवर, आणि आमच्यामुळे त्याला उशीर झाला होता. तेंदू आणि मोहाच्या दिवसांत या जंगलात माणसं वाघाच्या तडाख्यात सापडतात, हे आम्ही चंद्रपूरकर दरवर्षी पेपरात वाचतो. सायकल गाडीवर बांधायला दोरी नव्हती आणि सायकल सोडून यायला तो तयार नव्हता. अम्मी म्हणाली, "तो पुढे चालवेल, तू मागून उजेड दे." मी सगळ्या काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून आत टाकतो, त्यामुळे इंजिनाला तेवढाच आराम. एवढ्या उकाड्यात पायांवर भट्टीचा वारा येत होता आणि मुलगी "अब्बू, बंद करा ना" म्हणत होती. पुढे हेडलाइटच्या उजेडात त्याची पाठ, मागे सायकलच्या वेगाने रांगणारी आमची स्पोर्ट्स कार. मध्ये एकदा पाणी पाहायला थांबलो तर तोही थांबला. गावाच्या फाट्यावर त्याने हात वर केला आणि वळला.

चिचपल्लीला एका हॉटेलवाल्याने कॅन भरून दिला. घुटकाळ्यात घरी पोहोचलो तेव्हा तरावीह संपली होती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने वरचा-खालचा दोन्ही पाइप, क्लिपा आणि झाकण बदललं, थर्मोस्टॅट तपासला. हेड गॅस्केट वाचलं होतं. त्या एका किलोमीटरचे दोन झाले असते तर वाचलं नसतं, म्हणाला. जुना पाइप कापून त्याने आतून दाखवला. बाहेरून काळा, तुळतुळीत. आत रबराचे पापुद्रे सुटलेले. चार-पाच वर्षांनी पाइप बदलायचाच, तो चांगला दिसत असला तरी, असं त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी मी ऐकून घेतलं.

त्यानंतर दोनदा गडचिरोलीला जाताना त्या फाट्यावर थांबलो. दुसऱ्या वेळी तो भेटला. नवी ट्यूब नेली होती, ती घेतली आणि अम्मीची तब्येत विचारली. जुन्या पाइपचा तो तुकडा डिकीत आहे. त्यावरची पट्टी मेकॅनिकने सोडवायचा प्रयत्न केला होता, पण उष्णतेने ती चिकटून बसली आहे, निघत नाही.