आठातल्या चार तारा

घरातली फाइल हळू जायला लागली की पहिलं वाक्य ठरलेलं, 'नेट स्लो आहे.' आमच्या पोखर्णीत तर नेटवर खापर फोडणं सोपंच. पण माडीवरचा जुना संगणक आणि खालचा नवा, दोन्ही केबलने एकाच राउटरला जोडलेले आहेत. फाइल घरातल्या घरात जाते. बाहेरचं नेट पूर्ण बंद असलं तरी जाते.

मला घाई होती. जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत होता आणि तिच्यात १८० जीबी रेकॉर्डिंग होतं: अम्मा, फुफी आणि मोहल्ल्यातल्या बायकांनी म्हटलेली जात्यावरची, हळदीची दखनी गाणी. (सूफींचे चक्कीनामे आणि आपल्या ओव्या एकाच जात्यावर दळल्या गेल्या, हे वर्गात सांगून पटत नाही, ऐकवावं लागतं.) काही गाण्यांत मध्येच परळीच्या गाडीची शिट्टी आहे. फुफी आता नाहीत. त्यांचा आवाज तेवढाच.

वेग दिसत होता सेकंदाला ११ एमबी. म्हणजे साडेचार तास. इतका वेळ वीज सलग राहील याची खात्री कोण देणार? एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, 'सर, नवा घ्या.'

मला खटकला तो आकडा. डिस्क अडखळत असती तर वेग खाली-वर झाला असता. हा मात्र ११ वर खिळलेला. १०० मेगाबिटला ८ ने भागा, साडेबारा येतात. थोडी घट धरली की ११. विंडोजमध्ये इथरनेटचा वेग पाहिला. खाली १ जीबीपीएस, वर १०० एमबीपीएस. मग जुना संगणक उचलून खाली आणला, राउटरशेजारी छोट्या केबलने जोडला. तिथे त्यानेही १ जीबीपीएस दाखवलं! संगणक बिचारा निर्दोष होता.

दोष भिंतीवरच्या केबलमध्ये होता. टोकाचा पारदर्शक कनेक्टर उजेडात धरला, तर आत नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या. निळी आणि तपकिरी कापून मागे दुमडलेली. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. चार तारांवर संगणक तक्रार करत नाही, गुपचूप वेग कमी करतो. नेट त्यावर व्यवस्थित चालतं, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलंच नाही.

दोन्ही टोकांना आठ तारांचे नवे कनेक्टर बसवून घेतले. खर्च किरकोळ. वेग ७० ते ८० वर गेला. ११० पर्यंत जायला हवा होता, पण आता जुनी डिस्कच तेवढं देऊ शकत होती. तिच्याकडून आणखी काय मागायचं?

आधी फुफींचा फोल्डर पाठवला, मग अम्माचा, मग बाकीचे. एकेक फोल्डर वेगळा, म्हणजे वीज गेली तरी सगळं पहिल्यापासून नको. पाऊण तासात १८० जीबी खाली आले. वह्यांच्या पानांचे हजारो छोटे फोटो मात्र अजून रेंगाळत होते, ते एका झिप फाइलमध्ये बांधून पाठवले. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून परभणीला भावाकडे दिली.