पणतीतला सेल

दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. दीड वर्षाच्या नातीला कडेवर घेऊन एक आजी दवाखान्यात आल्या. "डॉक्टरबाई, कालपासनं ही घास गिळंना. दूध तेवढं घेतीया, आन् लाळ बघा कशी गळतीया." मी घसा पाहिला; किंचित लाल होता. अंग कोमट लागत होते. दाढा येत असतील, घसाही धरला असेल, असे सांगून मी औषध लिहून दिले. वीस-बावीस वर्षांच्या व्यवसायात हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे वडील धावत आले. त्यांच्या हातात सेलवर चालणारी प्लॅस्टिकची पणती होती. बुडाचे झाकण निघालेले, आतली जागा रिकामी. एक्स-रेमध्ये अन्ननलिकेच्या वरच्या भागात एक गोल वस्तू दिसली. नाणे अडकले तरी असाच गोल दिसतो. या गोलाच्या कडेलगत मात्र आत आणखी एक वलय होते. ती सेलची खूण.

हा चपटा, नाण्यासारखा लिथियमचा सेल ३ व्होल्टचा असतो. सर्वांत जास्त आढळणारा सीआर २०३२ हा २० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढा; लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकेल एवढा. त्याची इजा प्रामुख्याने तो फुटून होत नाही. ओल्या अस्तराला टेकताच त्यातून वीज वाहू लागते आणि त्याच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार तयार होतो. २ तासांत खोल जखम होऊ शकते. दिवा लागेनासा झाला की आपण सेल संपला म्हणतो आणि तो खिडकीत ठेवून देतो. त्या 'संपलेल्या' सेलातही जाळण्यापुरती वीज उरलेली असते.

शहरातल्या रुग्णालयात दुर्बिणीने सेल काढला. पुढे काही आठवडे नाकातल्या नळीने अन्न, मग आकसलेली अन्ननलिका रुंद करण्यासाठी पुन्हा पुन्हा भूल. आदल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारला असता, 'घरात सेलवर चालणारे काय काय आहे?', तर एक रात्र वाचली असती. आता लाळ गाळणाऱ्या, घास नाकारणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरच्यांना मी तो विचारते. उशिरा सुचलेले शहाणपण आहे, हे मान्य.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खेळण्यातला असा सेल हत्याराशिवाय हाती लागता कामा नये, अशी अपेक्षा असते. परंतु पणती हे खेळणे नव्हे. दिव्यांच्या माळेचा रिमोट, स्वयंपाकघरातला वजनकाटा, आजोबांचे साखर तपासण्याचे यंत्र, गाणे वाजवणारे शुभेच्छापत्र, यांपैकी काहीच खेळणे नव्हे. हा भेद कायद्याला कळतो, रांगणाऱ्या मुलाला नाही. अमेरिकेत रिमोटमधला सेल गिळून दीड वर्षाच्या सुमाराची एक मुलगी दगावली, त्यानंतर २०२२ मध्ये खेळण्यांपलीकडच्या वस्तूंसाठीही झाकणाचा कायदा झाला. आपण निदान विकत घेताना वस्तू उलटी करून पाहावी. झाकणाला स्क्रू नसेल, तर ती परत ठेवावी.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. उलटी करवू नये, केळे-भात भरवू नये. मूल १ वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि १२ तास उलटले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी २ चमचे मध द्यावा, फार तर ६ वेळा. त्याने जखमेचा वेग मंदावतो. मात्र मध शोधण्यात वेळ दवडू नये. तो उपचार नव्हे.

त्या सायंकाळी मी दवाखान्यातले थर्मामीटर आणि साखर तपासण्याचे यंत्र उलटे करून पाहिले. यंत्राचे झाकण नखाने निघाले. त्यावर चिकटपट्टी लावली.

मुलगी आता पहिलीत आहे. लहान लहान घास घेते, प्रत्येक घासावर पाणी पिते. आजी अजून तिच्याबरोबर येतात. एकदा बाकावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "पोरगी भाजंल म्हणूनच औंदा तेलाच्या पणत्या लावल्या न्हवत्या, बाई."