स्वदेशी गाडी कशी ओळखावी

चिंचवड

चि. मृण्मयीस,


तुझं पत्र मिळालं. बाबांचा आग्रह देशी गाडीचा, जावईबापूंचं मन जर्मन गाडीवर, आणि दोघांच्या कात्रीत तू. ‘मामा, गाडी घेताना देशाचा विचार करावा का?’ असं विचारलंस. करावा, असंच माझं उत्तर आहे. फक्त तो बोनेटवरच्या चिन्हावरून करू नये.

मारुतीचंच बघ. नाव हनुमंताचं, कंपनी सरकारने काढलेली. पहिल्या मारुती 800ची किल्ली 14 डिसेंबर 1983ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. आज त्या कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर्स जपानच्या सुझुकीकडे आहेत. जॅग्वार आणि लँड रोव्हर ही इंग्रजांची मिरवायची नावं, पण 2008पासून मालकी टाटांची. जावईबापूंना आवडलेली फोक्सवॅगन तर आपल्या चाकणला बनते आणि तिथून परदेशीही जाते. चिन्ह बघून काय ठरवणार?

माझी सगळी नोकरी भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये गेली. एकाच पॉवर प्रेसवर, एकाच ऑपरेटरच्या हातून निघालेले ब्रॅकेट दुपारी डिस्पॅचला लागायचे. निळ्या क्रेट देशी कंपनीच्या, पिवळ्या विदेशी कंपनीच्या. कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, राहिली, भोक जरा सरकलं, की लॉट दोन्हीकडून सारखाच रिजेक्ट व्हायचा. त्या ऑपरेटरच्या मुलांची फी दोन्ही रंगांच्या क्रेटमधून भरली गेली. म्हणून इथे बनलेली विदेशी गाडी घेणाऱ्याच्या देशप्रेमावर कुणी शंका घेतली की मला राग येतो.

तरीही मी ‘करावा’ म्हणतो, ते तळेगावकडे बघून. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा केला, टिळकांनी पाठबळ दिलं, आणि 1908 साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तिथे नुसती काच बनली नाही, काच बनवणारी माणसं तयार झाली. शिकलेली पोरं देशभर गेली आणि त्यांनी ठिकठिकाणी काचेचे कारखाने चालवले. विलायती कापडाच्या होळ्या आपल्याला चटकन आठवतात. मला मात्र स्वदेशीचं खरं काम या भट्टीपाशी झालेलं दिसतं.

त्याच तळेगावात शंभर वर्षांनी, 2008मध्ये, जनरल मोटर्सचा मोठा कारखाना सुरू झाला. डिसेंबर 2020मध्ये तिथलं उत्पादन बंद पडलं. निर्णय सातासमुद्रापलीकडे झाला आणि घरी बसण्याची पाळी इथल्या कामगारांवर आली. पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली, पण मधल्या काळातले त्या घरांचे हाल कुणी भरून दिले? इथे नुसती जुळणी होत असेल, तर कुलूप लावायला एक बैठक पुरते. गाडीचा आराखडा, इंजिनाची चाचणी, डायचं डिझाइन इथल्या माणसांच्या डोक्यात असेल, तर कारखाना बंद पडला तरी विद्या इथेच राहते.

अशी विद्या इथे रुजली ती टाटांच्या इंडिका गाडीतून. 1998 साली टाटांनी ती लोकांसमोर आणली. पिंपरीत प्रवासी गाडी स्वतः घडवायची, हेच धाडस होतं. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. गिऱ्हाइकांनी देश म्हणून सोसून घेतलं नाही, हे फार बरं झालं. कंपनीला गाडी सुधारावी लागली, व्ही2 आली, आणि ती तुफान चालली.

आता तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. 2014मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या आपटून बघितल्या. त्यांत टाटांची नॅनो होती, मारुतीची अल्टो होती आणि फोक्सवॅगनची पोलोही होती. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेत शून्य तारे मिळाले. देशी नावाने वाचवलं नाही, जर्मन नावानेही नाही. चारच वर्षांत, 2018मध्ये, पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने याच संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळवले, आणि तो मान मिळवणारी ती भारतात बनलेली पहिली गाडी ठरली. आपल्या इंजिनिअरांना जमतं. मागणाऱ्याने मागावं लागतं.

म्हणून माझा सल्ला असा. आधी क्रॅश टेस्टचे तारे बघ. 2023पासून आपलं भारत एनकॅपही आहे. मग तुमचं बजेट आणि जवळचं सर्व्हिस सेंटर. या कसोट्यांत देशी गाडी कमी पडत असेल, तर खुशाल दुसरी घे. मागे तुझी चिंगी बसणार आहे, तिच्या जिवापुढे कसलाही अभिमान नको. दोन गाड्या तोडीस तोड निघाल्या, तर मात्र जिचा आराखडा इथे झाला ती घे, चार पैसे जास्त पडले तरी घे. ते पैसे आपल्या पोरांच्या शिक्षणात जातात असं समज.

आणि घेतल्यावर दरवाजा खडखडला, रंग उडाला, तर ‘आपलीच कंपनी’ म्हणून गप्प बसू नकोस. लेखी तक्रार कर, उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नकोस. खोटं कौतुक करणाऱ्या गिऱ्हाइकाने कुठल्याच देशाचा उद्योग मोठा केलेला नाही.

टेस्ट ड्राइव्हला बाबा आणि जावईबापू, दोघांनाही घेऊन जा.

तुझा,
मामा