चारशे तीन नंबरचा काळा

अँकरच्या लडीवर काळ्याचा नंबर ४०३. भडक लाल हवा असेल तर ४६. भरतकाम करत वाढलेल्या माझ्या पिढीच्या बायकांना हे नंबर कुणी मुद्दाम शिकवले नाहीत. दुकानात लड्या मागता मागता ते पाठ झाले. आई मला मिरजेच्या पेठेत पाठवायची तेव्हा रंगाचं नाव सांगायची नाही, नंबर सांगायची. नाव सांगितलं की दुकानदार त्याच्या मनातला रंग काढून देतो, असं तिचं म्हणणं. लडी आठ मीटरची, सहा पदरी. घरी आली की आई हातभर दोरा कापायची आणि पदर सोडवायची. देठाला दोन पदर, पाकळीला तीन, पोपटाच्या डोळ्याला एकच. उरलेला बोटभर दोराही डब्यात परत जायचा.

लग्नानंतर तो पत्र्याचा डबा माझ्याबरोबर पुण्याला आला. पुढची बरीच वर्षं त्यात भरतकाम कमी आणि संसार जास्त होता. गणवेशाची बटणं, हूक, टाचबटणं, परकराच्या नाड्या, मशीनच्या बॉबिन. आईच्या लड्या तळाशी गेल्या. नोकरी संपल्यावर त्या पुन्हा वर आल्या.

त्याच सुमारास माझा भाचा ग्लासगोला शिकायला गेला. ज्या बाईंकडे तो खोली घेऊन राहिला त्या मूळच्या शेजारच्या पेझली गावच्या. भाच्याच्या सामानात मी भरलेला एक उशीचा अभ्रा होता. बाईंनी त्यातल्या एका फुलावर बोट ठेवून नंबर सांगितला. भाच्यानं फोनवर तो मला विचारला, आणि नंबर बरोबर होता. त्यांची आई पेझलीच्या अँकर गिरणीत रिळं भरायच्या कामावर होती. मला त्या रात्री झोप लागेना. आईनं जो दोरा डोळ्यांत तेल घालून जपला, त्याच्या घरातली बाई मला सापडली होती.

सुट्टीत भाचा आला तो बाईंचं पाकीट घेऊन. आत लाकडी रिळं होती, दोन्ही टोकांना गोल कागदी लेबलं लावलेली. एका पुठ्ठ्यावर ओळीनं टाचलेली शिंपल्याची बटणं होती. आणि त्यांनी स्वतः शिवलेली सुयांची वही, तिची पानं जुन्या लोकरी ब्लँकेटची. लोकरीत सुई गंजत नाही, असं त्यांनी चिठ्ठीत लिहिलं होतं. चिठ्ठीची सुरुवात ‘मावशी’ अशी. भाच्याच्या तोंडून ऐकून त्यांनी ते उचललं होतं. वयानं त्या माझ्याहून मोठ्या आहेत, तरी मी मावशीच राहिले.

मग मी त्या गावाविषयी वाचायला घेतलं. अठराव्या शतकाच्या अखेरीला काश्मिरी शाली ब्रिटनमध्ये पोचल्या आणि तिथल्या श्रीमंत बायकांना त्यांचं वेड लागलं. खरी शाल विणायला महिनोन्महिने लागत आणि किंमतही तशीच असे. पेझलीच्या विणकरांनी १८०५ च्या आसपास तशा शाली आपल्या मागांवर विणायला घेतल्या. पुढे जकार्डचे माग आले, काम भराभर होऊ लागलं, आणि १८७० नंतर फॅशन बदलली तसा धंदा बसला. शालीवरची कोयरी मात्र जगभर त्या गावाच्या नावानं ओळखली जाऊ लागली. हे मला खटकलं, अजूनही खटकतं. काश्मीरच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानं काढलेली कोयरी, आणि तिच्यावर नाव दुसऱ्याच गावाचं.

दोऱ्याची गोष्ट वेगळी. नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे रेशीम मिळेनासं झालं, तेव्हा पेझलीच्या क्लार्क कुटुंबानं मागासाठी रेशमाइतका गुळगुळीत आणि मजबूत सुती दोरा तयार केला. तोच पुढे शिवणाला वापरात आला. लाकडी रिळावर गुंडाळून हवा असेल तर अर्धा पेनी जास्त घ्यायचे आणि रिकामं रीळ परत आणलं की तो परत द्यायचे, असं सांगतात. त्याच गावात कोट्स कुटुंबाच्याही दोऱ्याच्या गिरण्या होत्या. १८९६ साली दोन्ही घराणी एक झाली. भरभराटीच्या काळात पेझलीत हजारो कामगार दोऱ्यावर जगत होते आणि त्यांत बायकांचा भरणा मोठा होता. १९९३ साली अँकर गिरणी बंद पडली. आपल्याकडे मिळणाऱ्या लड्या मदुरा कोट्सच्या, म्हणजे त्याच घराण्याचं नाव लावणाऱ्या इथल्या कंपनीच्या. लहानपणी हे माहीत असतं तर मी त्या रिळं भरणाऱ्या बायांचा विचार केला असता. लडी दुकानातून येते, यापलीकडे माझी समज गेली नव्हती.

बाईंना परत काय पाठवायचं, हे ठरायला वेळ लागला नाही. आजीच्या विरलेल्या नऊवारीचा काठ माझ्याकडे होता. त्यावर कोयऱ्या आहेत. तो पाठवला, बरोबर चोळीच्या खणाचे तुकडे आणि मी केलेले दोऱ्याचे गोंडे. पार्सल मांजरपाटात शिवलं, पूर्वी टपालासाठी शिवायचे तसं, आणि शिवणीवर लाखेचे ठिपके दिले. आता खोक्यातून पाठवलं तरी चालतं, पण शिवणाचं सामान शिवूनच जावं असं मला वाटलं. पोस्टातल्या फॉर्मवर किमतीचा रकाना होता. आजीच्या काठाला बाजारात काही किंमत नाही, म्हणून अगदी किरकोळ आकडा घातला आणि तो घालताना जिवावर आलं.

महिन्याभरानं उत्तर आलं त्यात टाचण्यांची उशी होती. तिचा तळ माझ्याच पार्सलाच्या मांजरपाटाचा होता, लाखेचा तांबडा डाग मुद्दाम मधोमध ठेवलेला. मी घातलेली शिवण त्यांनी टाका टाका करून उसवली असणार. तेव्हापासून त्यांच्याविषयी माझ्या मनात शंका म्हणून उरली नाही.

जुनी रिळं काचेच्या बरणीत भरून दिवाणखान्यात ठेवायची हौस अलीकडे फार दिसते. मला ती आवडत नाही. दोरा सुईत ओवायला केलेला असतो. हातात आला की आधी वीतभर ओढून झटका द्यायचा. पटकन तुटला तर त्यानं शिवण घालू नये, कच्चा टाका घालावा, म्हणजे तो उसवला तरी चालतो. टिकला तर खुशाल शिवावं. बाईंच्या रिळांतली काही अशी टिकली, पांढरं चाळीस नंबरचं तर आजच्या दोऱ्याला मागे सारेल इतकं. रीळ रिकामं झालं की मी कळवते. परत पाठवू का, असं एकदा विचारलं तर त्यांनी लिहिलं, अर्धा पेनी आता कोण देणार, नातवंडांना द्या.

भाच्याला तिकडेच मुलगी झाली आहे. तिच्यासाठी मी दुपटं शिवायला घेतलंय. वरचा थर आईच्या सुती पातळाचा. शंभरदा धुतलेल्या पातळाइतकं मऊ कापड विकत मिळत नाही. आतल्या थरासाठी बाईंनी त्यांच्या आईचा गिरणीतला एप्रन पाठवला. खिशाच्या कडा झिजलेल्या, एका बाजूला ठिगळ, आणि ठिगळाचे टाके इतके बारीक की मी ते तसंच ठेवलं, उसवलं नाही. काठाकडून मध्याकडे धावदोरा चाललाय, बाईंच्या पांढऱ्या रिळातला. रीळ संपत आलंय, तसंच आणखी एक असेल तर पाठवा म्हणून लिहिलंय. आजीच्या काठाचा त्यांच्याकडे उरलेला तुकडा दुपट्याच्या कडेला लावायचा का, असं त्यांनी विचारलं होतं. लावायचा. काठ त्यांच्याकडे आहे, तेव्हा दुपटं कड न घालताच मांजरपाटात शिवून पाठवते. कड त्या घालतील.