चौथी पोझिशन

ट्रॉम्बोनवर कुठेच खुणा नसतात. गिटारला पडदे, ट्रम्पेटला तीन पिस्टन, पेटीला तर समोर मांडलेल्या पट्ट्या. इथे नुसती सरकणारी नळी. पुस्तकात सात पोझिशन, म्हणजे नळी थांबवायच्या आतून बाहेर मोजलेल्या जागा, दिलेल्या असतात, पण हात नेमका कुठे थांबवायचा ते कानानंच ठरवायचं. म्हणून शास्त्रीय गाणं थोडंफार कानावरून गेलेलं मूल शिकायला आलं की मला बरं वाटतं. मींड त्याला समजावून सांगावी लागत नाही. उलट ती आवरायला शिकवावं लागतं, कारण दर दोन सुरांमध्ये घसरत राहिलं की जॅझची सर्कस होते.

खरी गंमत जलद वाजवताना. मधल्या सीपासून वर सी, डी, ई-फ्लॅट, एफ हे चार सूर घ्या. नवशिक्याच्या पद्धतीनं वाजवले तर हात तिसरी, पहिली, तिसरी, पहिली असा धावतो आणि लय चढली की दमछाक. पण तोच डी चौथ्या पोझिशनवरही मिळतो, आणि एफ चौथीच्या किंचित अलीकडे. मग हात तिसरी-चौथी एवढाच, वीतभरही हलत नाही. सीवरून डीवर जाताना मात्र नळी बाहेर जाते आणि सूर वर चढतो. पोरं चक्रावतात. नळी लांबली की सूर उतरतो, हे त्यांना मीच शिकवलेलं असतं ना!

तेव्हा मी त्यांना हात चौथीवर ठेवायला लावतो आणि नुसत्या ओठांनी आणि श्वासानं वर चढायला सांगतो. जी, बी, डी, एफ, पुन्हा जी. सगळे एकाच लांबीच्या नळीतले. त्यातला एफ उतरलेला लागतो; तो ज्याला खटकला, तो न सांगता हात थोडा आत घेतो. ग्रेडच्या परीक्षांची तयारी करून आलेल्यांना इथे जास्त वेळ लागतो. प्रत्येक सुराचं एकच घर असतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

जॅझ ट्रॉम्बोनवादक जॅक टीगार्डनबद्दल सांगतात की लहानपणी हात पुरत नसे, म्हणून त्यानं जवळच्या जवळ सूर शोधले. पुढे चाळिशीच्या दशकात बीबॉप या नव्या जॅझचा वेग आला आणि जे. जे. जॉन्सननं तो स्लाइडवर इतका स्वच्छ पेलला की हा पिस्टनचा व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन असावा, असं ऐकणाऱ्यांना वाटे. एवढा मोठा वादक, पण 1952 ते 1954 या काळात पोटासाठी एका कारखान्यात ब्लूप्रिंट तपासत होता.

हे मी पालकांना मुद्दाम सांगतो. ‘यावर पोट भरतं का हो?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो. नुसत्या ट्रॉम्बोनवर नाही भरत. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकून मुंबईत आलेले वादक रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचे, दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला बसायचे. सिंथेसायझर आला आणि स्टुडिओतलं ब्रासचं काम आटलं. आता रिसेप्शन, हॉटेल, एखादं सेशन आणि शिकवण्या. शिकवणी म्हणजे वाजवणं न जमलेल्याचा धंदा, असं म्हणणारे आमच्यातही आहेत. त्यांनी मेल्बा लिस्टनकडे पाहावं.

ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये ती ट्रॉम्बोन वाजवायची आणि त्या बँडसाठी अरेंजमेंटही लिहायची. 1956 च्या दौऱ्यात हा बँड कराची आणि ढाक्यापर्यंत आला; मुंबई हुकली, याची मला अजून चुटपुट आहे, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता तरी! त्याआधी कंटाळून तिनं काही वर्षं वाद्य बाजूला ठेवून कारकुनी केली होती. 1973 मध्ये ती जमैकाला गेली आणि तिथल्या संगीतशाळेत काही वर्षं शिकवत राहिली. 1985 मध्ये पक्षाघातानं वादन सुटलं, तेव्हा संगणकावर अरेंजमेंट लिहू लागली. हाताखाली चार ट्रॉम्बोन असले तर कुणाला कुठला सूर द्यायचा, कुठल्या पोझिशनवर तो सोपा पडेल, हे तिला वाजवूनच ठाऊक होतं.

म्हणून वरच्या वर्गाला मी चार ट्रॉम्बोनसाठी लिहायला लावलंय. प्रत्येकानं आठ बार, आणि वाजवायचे दुसऱ्यांनी. पहिल्याच खेपेला एकानं चौथ्या ट्रॉम्बोनला सातवीवरून पहिलीवर आणि परत सातवीवर अशा उड्या लिहिल्या. ज्याच्या वाट्याला तो कागद आला, त्यानं वाद्य खाली ठेवलं आणि लिहिणाऱ्याला म्हणाला, ‘तूच वाजवून दाखव.’