सुरू न होणारा एफटीपी सर्व्हर

एफटीपी सर्व्हर सुरूच न होणे आणि सुरू होऊनही कोणाला आत न घेणे, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरीत पासवर्ड, फोल्डरच्या परवानग्या, फायरवॉल असे संशयित पुष्कळ असतात. पहिलीत ते मोजके असतात. सेटिंगची फाइल, तिची मालकी आणि पोर्ट एवढ्यातच बहुधा दोष सापडतो. तरीही वेळ जास्त खाते ती पहिलीच तक्रार, कारण सर्व्हर आपल्या बंद पडण्याचे कारण सांगतो, पण ते ऐकायला त्या जागी कोणी नसते.

येथे वर्णिलेला प्रसंग कोल्हापुरातील एका छापखान्यातला, दिवाळी अंकांच्या हंगामातला आहे. रंगीत जाहिरातींसह तयार झालेल्या अंकाची पीडीएफ ईमेलने जाण्याइतकी लहान नसते. म्हणून संपादक मंडळी ती छापखान्याच्या एफटीपी सर्व्हरवर चढवतात आणि तिथून ती प्लेट काढणाऱ्या विभागाकडे जाते. उबुंटूवर चालणारा हा सर्व्हर व्हीएसएफटीपीडी या प्रोग्रॅमचा होता. देखभालीसाठी अधूनमधून जाणाऱ्या प्रस्तुत लेखकाला डीटीपी विभागातून फोन आला तो एवढाच: “साहेब, सर्व्हर उठंनाच झालाय. सकाळपासनं पानं अडकल्यात.”

अशा वेळी पहिली पायरी म्हणजे यंत्रावरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला सेवेची स्थिती विचारणे. उत्तर आले ते असे: सेवा अयशस्वी, मुख्य प्रोसेस संपली, स्टेटस २, ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. हे शेवटचे दोन शब्द वाचून अनेकजण सेवेच्या फाइलमधली आज्ञा तपासू लागतात आणि तिथेच अडकतात. वास्तविक हे शब्द व्हीएसएफटीपीडीचे नसतातच. तो फक्त २ हा आकडा मागे ठेवून संपतो आणि त्या आकड्याला ठरावीक यादीतले नाव जोडण्याचे काम सिस्टिमडी करते. पोर्ट दुसऱ्याने अडवलेले असले तरी आकडा हाच आणि नावही हेच येते. निदानासाठी त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. सिस्टिमच्या नोंदवहीतही त्या दिवशी याहून जास्त काही नव्हते.

नोंदवही कोरी राहण्याचे कारण एफटीपीच्या घडणीत आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एमआयटीमध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ या टिपणात एफटीपीचा पहिला आराखडा मांडला. पुढे त्याच्या आवृत्त्या होत गेल्या आणि ऑक्टोबर १९८५ मधील आरएफसी ९५९ हे त्याचे आजवर आधाराला घेतले जाणारे रूप ठरले. या पद्धतीत सर्व्हरचे प्रत्येक उत्तर तीन अंकी आकड्याने सुरू होते. आकडा समोरच्या प्रोग्रॅमसाठी, पुढचे शब्द माणसासाठी. पाचाने सुरू होणारे उत्तर म्हणजे ठाम नकार.

पूर्वी युनिक्सवर एफटीपी सर्व्हर कायम चालू नसे. इनेटडी हा प्रोग्रॅम पोर्टवर लक्ष ठेवी आणि कोणी जोडणी केली की सर्व्हरला उठवून ती जोडणीच त्याच्या शून्य क्रमांकाच्या मार्गावर, म्हणजे एरवी कीबोर्डकडून येणाऱ्या मार्गावर, लावून देई. ख्रिस इव्हान्स यांनी लिहिलेल्या व्हीएसएफटीपीडीने ही सवय सोडलेली नाही. गंभीर चूक आढळली की तो ‘५०० ऊप्स’ असे म्हणून कारण लिहितो, आणि ते लिहितो त्याच शून्य क्रमांकाच्या मार्गावर. इनेटडीच्या काळात तिथे ग्राहक असे. सिस्टिमडीखाली तो मार्ग रिकाम्या उपकरणाला जोडलेला असतो. म्हणजे कारण अचूक लिहिले जाते आणि त्याच क्षणी नाहीसे होते. टपाल बंद झालेल्या पत्त्यावर रोज नेमाने पत्र टाकावे, तसा हा प्रकार आहे.

म्हणून उपाय सोपा आहे. सेवा बाजूला ठेवायची आणि टर्मिनलवर रूटच्या अधिकाराने हाच प्रोग्रॅम, सेटिंगच्या फाइलचा पत्ता देऊन, हाताने चालवायचा. टर्मिनलवर शून्य क्रमांकाचा मार्ग हा पडद्याचाही मार्ग असतो, त्यामुळे संदेश समोर उमटतो. हे करण्याआधी इंटरनेटवर उत्तर शोधणे म्हणजे रोग्याला न तपासता औषधांच्या दुकानात जाणे. दुर्दैवाने बहुतेकांचा क्रम तोच असतो.

छापखान्यात हाताने चालवल्यावर पहिली ओळ आली: सेटिंगची फाइल योग्य वापरकर्त्याच्या मालकीची नाही. व्हीएसएफटीपीडी ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याचीच ती फाइल असावी, असा त्याचा आग्रह आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो रास्तच आहे. फाइलची सविस्तर यादी काढल्यावर मालकाच्या रकान्यात रूटऐवजी डीटीपी विभागातल्या खात्याचे नाव दिसले. कोणीतरी फाइल आपल्या फोल्डरमध्ये नेऊन तिथे बदल केले होते आणि मग ती सुडो वापरून जागेवर हलवली होती. सुडोने हलवली तरी फाइलचा मालक बदलत नाही. जुन्या फाइलवर कॉपी केली असती, तर जुनी मालकी टिकली असती. मालकी रूटकडे परत दिली.

लगेच दुसरी ओळ आली. हा प्रोग्रॅम चुकांची यादी देत नाही. पहिल्या चुकीवरच थांबतो. त्यामुळे एक दुरुस्त केल्यावर दुसरी दिसली तर आपल्या दुरुस्तीने काही बिघडले, असे समजू नये. या वेळी तक्रार होती अनोळखी पर्यायाची. लिहिता येणाऱ्या घर-फोल्डरात कोंडलेल्या वापरकर्त्याला आत घेण्याची मुभा देणारा पर्याय कोणीतरी फाइलच्या तळाशी टाकला होता. त्यातल्या ‘राइटेबल’चे इंग्रजी स्पेलिंग मधल्या ‘ई’सह आणि ‘ई’शिवाय असे दोन्ही प्रकारे करतात; इथे ते ‘ई’शिवाय होते. व्हीएसएफटीपीडीच्या संदेशात ते ‘ई’शिवाय छापले जाते, पण पर्यायाच्या नावात ‘ई’ लागतोच. संदेशावरून पर्याय लिहिणारा हमखास फसतो. ती ओळ तूर्त काढली.

तिसरा संदेश पहिल्यांदा वाचणाऱ्याला सल्ल्यासारखा वाटतो: आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ साठी व्हीएसएफटीपीडीच्या दोन प्रती चालवा. प्रत्यक्षात दोन प्रतींची गरज नसते. उबुंटूच्या मूळ फाइलमध्ये ‘लिसन’ला नाही आणि ‘लिसन आयपीव्ही६’ला हो असते. जुन्या लेखांतून उचललेल्या सेटिंगमध्ये ‘लिसन’ला हो असते. दोन्ही हो झाले की प्रोग्रॅम थांबतो. लिनक्सवर आयपीव्ही६ चे सर्वसाधारण सॉकेट आयपीव्ही४ वरून येणाऱ्यांनाही घेते, त्यामुळे मूळ मांडणी परत आणणे पुरते. दोन्ही नाही केले तर मात्र वेगळाच नकार मिळतो, की मला स्वतंत्रपणे चालण्यासाठी नेमलेले नाही, इनेटडीमधून चालवा.

यानंतर संदेश आला सॉकेट बांधता न आल्याचा. एफटीपीचे आज्ञांचे पोर्ट २१. युनिक्सच्या रिवाजाने १०२४ च्या खालची पोर्ट रूटलाच घेता येतात. पण इथे रूट असूनही नकार होता, म्हणजे पोर्ट आधीच कोणाकडे तरी होते. ऐकत बसलेल्या पोर्टांची यादी ‘एसएस’ या आज्ञेने काढली, तेव्हा २१ समोर प्रोएफटीपीडीचे नाव दिसले. पहिला सर्व्हर उठेना म्हणून कोणीतरी दुसरा बसवून पाहिला होता. तोही मनासारखा चालला नाही आणि तसाच राहिला. तो बंद केला आणि यंत्र नव्याने सुरू झाल्यावर आपोआप उठणार नाही अशी सोयही केली. ही सोय विसरली, तर पुढच्या वीजकपातीनंतर दोघांपैकी जो आधी उठेल त्याला पोर्ट मिळते आणि तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

आता प्रोग्रॅम चालवल्यावर पडद्यावर काहीच आले नाही आणि कर्सर तसाच थांबला. नवख्याला हे लटकल्यासारखे वाटते, पण इथे यशाची खूण हीच. कंट्रोल-सीने तो थांबवून सेवा नेहमीच्या मार्गाने सुरू केली, ती सुरू झाली.

मूळ दुखणे मात्र शिल्लकच होते. संपादकांच्या खात्याने आत येताच सर्व्हरने लिहिता येणाऱ्या कोंडलेल्या घर-फोल्डरात काम करायला नकार दिला. सगळी मोडतोड या एका संदेशापायी सुरू झाली होती. चुकीच्या स्पेलिंगचा पर्याय त्यावरच उतारा म्हणून घातला गेला होता. स्पेलिंग सुधारून तो पर्याय परत घालता आला असता, ३.० आवृत्तीपासून तो उपलब्ध आहे. त्यापेक्षा घर-फोल्डराची लिहिण्याची परवानगी काढून आत ‘पाने’ नावाचा लिहिता येणारा उपफोल्डर करणे अधिक बरे. कोंडलेल्या वापरकर्त्याला आपल्या मुळाशी लिहू न देण्याची ही तपासणी सुरक्षेसाठीच आहे आणि ती बंद करण्याने वाचतो तो वेळ फार थोडा. संपादकांना नवा फोल्डर दाखवून द्यावा लागला, एवढीच गैरसोय.

शेवटी फोल्डरातल्या फाइलींची यादी उमटण्याआधीच जोडणी अडकण्याची शक्यता उरते. पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हर प्रत्येक यादीसाठी आणि फाइलसाठी वेगळे पोर्ट सांगतो, म्हणून त्या पोर्टांचा किमान आणि कमाल आकडा सेटिंगमध्ये ठरवून तेवढाच पट्टा फायरवॉलमध्ये मोकळा करावा लागतो. छापखान्यात तो आधीपासून मोकळा होता. यंत्र एकदा बंद करून चालू केले, २१ वर व्हीएसएफटीपीडीच बसल्याची खात्री केली, आणि अडकलेली पाने प्लेटकडे गेली.