ओवीची मोजणी

माझी आजी वाशीची. ओवी सांग म्हटलं की ती आधी जात्याकडं बघायची. नुसतं बसून म्हणताना दुसरी ओळ तिला सुचायची नाही. खुंट्याला हात लागला की आपसूक यायची. कॉलेजात छंद शिकायला लागल्यावर मी तिच्या ओव्या लिहून घेतल्या आणि अक्षरं मोजली. दोन ओळी आणि शेवटी यमक, एवढंच पक्कं. अक्षरांची संख्या ओळीगणिक वेगळी. तरी ऐकताना कुठं अडखळायला होत नसे. अक्षर कमी पडलं तर ‘गं बाई’ ती जागा भरून काढी, जास्त झालं तर ते झपकन उरकलं जाई. माप जात्याच्या फेऱ्याचं होतं.

माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त वृत्त, जाती आणि छंद असे पद्याचे तीन वर्ग केले. छंदात लघु-गुरूचा भेद उरत नाही. प्रत्येक अक्षर गुरूसारखं लांबवून म्हणायचं. ओवी आणि अभंग या वर्गातले. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा शास्त्र आजीच्या बाजूनं बोलतंय असं वाटलं. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर राजानं ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशी नोंद केली आहे. ज्ञानेश्वरीच्याही आधीची ही गोष्ट. छंद कामातूनच आला, असं मी ठामपणे म्हणेन.

आमच्या वाशी तालुक्यात उगम पावणारी तेरणा नदी पुढं तेरला जाते, गोरोबाकाकांच्या समाधीपाशी. तिथं भजनात मोठा अभंग ऐकावा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. पुस्तकात चौथा चरण आखूड दिसतो. भजनात त्याची अक्षरं लांबतात, उरलेली जागा टाळ घेतो. शाळेत हे आकडे पाठ करून घेतात, टाळी धरायला कुणी सांगत नाही. मला हे फार खटकतं.

यमकाचं कामही तसंच. आजीच्या ओव्यांत दुसरी ओळ बहुधा भावाच्या नावावर संपायची. नाव ठरलेलं, म्हणून पहिली ओळ त्याला जुळेल अशी रचायची. धाकट्या भावाची पाळी आली की ती तीच ओवी घेई आणि त्याच्या नावासाठी पहिल्या ओळीचा शेवट दळता दळता बदलून टाकी.